बोलके रेणु

लग्नघरांतील हळदीचा डाग पडलेलें धोतर साबणानें धुवावयास घेतलें कीं पिवळा डाग क्षणार्धांत तांबडा होतो, हें कोणत्याहि गृहिणीस ठाऊक असतें. हळदींत चुना कालविला म्हणजेहि तेंच घडतें. कुंकू करण्याची जुनी कृति याच गुणावर उभारलेली आहे. हळदींतील पिवळें रंगद्रव्य आपल्या भोंवतीं अल्कली आल्याचें वर्तमान रंग पालटून देतें. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें हा एक हेरच झाला, आणि तोहि घरोघरच्या मिसळणाच्या डब्यांत बसलेला. परंतु या हेराच्या साक्षीवर विसंबावें किती? डाग तांबडा झाला एवढ्यावरून तेथें चुना होता, साबण होता कीं धुण्याचा सोडा होता हें सांगतां येत नाहीं. हळद अल्कलीची बातमी देते, चुन्याची नव्हे. आणि ज्यास नेमका चुनाच शोधावयाचा आहे त्याचा अशा साक्षीनें घोटाळाच व्हावयाचा.

एकाच द्रव्यास ओळखणारा, त्याच्या जातभाईंना दारांत उभें न करणारा, आणि ओळख पटतांच ती प्रकाशाच्या रूपानें बाहेर कळविणारा रेणु बुद्धिपुरस्सर घडवितां येईल काय, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील रसायनशास्त्राचा एक मोठा प्रश्न होता. अशा रेणूंना संवेदक रेणु म्हणतात. या क्षेत्रांत अनेकांनीं मोलाचीं कामें केलीं. परंतु त्या प्रश्नाचीं बहुतेक सर्व अंगें ज्यांच्या एकट्याच्या चरित्रांत पाहावयास मिळतात असे संशोधक म्हणजे अमेरिकेचे रॉजर त्सिएन. हें आडनांव मूळचें चिनी; लिहिण्यांत तें असें दिसत असलें तरी उच्चार ‘चेन’ असा होतो. त्यांनीं आयुष्यभर ज्याचा माग काढला तें द्रव्यहि चुन्यांतलेंच : कॅल्शियम.

कॅल्शियम म्हटलें कीं हाडें, दांत आणि दूध हींच डोळ्यांसमोर येतात. शरीरांतील बहुतेक सारें कॅल्शियम हाडांदांतांत असतें हें खरें. पण जें थोडें उरतें त्याचा अधिकार फार मोठा आहे. त्याचा पहिला पुरावा एका चुकींतून मिळाला. लंडनचे डॉक्टर सिडने रिंगर यांनीं बेडकाचें हृदय शरीराबाहेर काढून खाऱ्या पाण्यावर चालूं ठेवलें होतें, आणि त्यास मिठाच्या पाण्याहून फारसें कांहीं लागत नाहीं असें त्यांचें मत झालें होतें. पुढें ध्यानांत आलें कीं, तें खारें पाणी शुद्ध केलेल्या पाण्याचें नसून न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाचें होतें. ऊर्ध्वपातित पाणी घेऊन तोच प्रयोग केला तेव्हां हृदय मंदावत मंदावत थांबलें. त्या पाण्यांत चुन्याचा क्षार किंचित् मिसळतांच तें पुन्हां धडधडूं लागलें. रिंगर यांनीं ही दुरुस्ती १८८३ सालीं प्रसिद्ध केली. किटलींत पांढरा थर जमवितो म्हणून ज्याला सारें लंडन नांवें ठेवी, तोच नळाच्या पाण्यांतील चुना हृदयाचा चालक ठरला.

त्यानंतरच्या पाऊणशें वर्षांत असें दिसून आलें कीं, स्नायु आंखडणें, एका मज्जापेशीनें दुसरीस निरोप देणें, अंड्याचें फलन होतांच त्यांत हालचाल सुरू होणें, या सगळ्यांच्या मुळाशीं कॅल्शियमच असतें. पेशीच्या बाहेरील रसांत जेवढें मोकळें कॅल्शियम असतें त्याच्या सुमारें दहा हजाराव्या हिश्श्याइतकेंच पेशीच्या आंत असतें. गळक्या होडींतील नावाड्याप्रमाणें पेशी आंत आलेलें कॅल्शियम सारखें बाहेर उपसत असते. निरोप आला कीं पेशीचीं दारें उघडतात, कॅल्शियम आंत घुसतें, त्याचें प्रमाण दहापटीपर्यंत चढतें, व्हावयाचें तें काम होतें, आणि उपसा पुन्हां चालूं होतो. कित्येकदां हा सारा प्रकार डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत उरकतो. शिवाय त्याच पेशींत मॅग्नेशियम नांवाचा कॅल्शियमचा सख्खा भाऊ हजारों पटींनीं अधिक असतो. तेव्हां जत्रेच्या गर्दींत एका इसमास हुडकून काढावयाचें, तेंहि त्याच्यासारखीच चेहरेपट्टी असलेले हजारों लोक भोंवतीं असतांना, अशांतला हा प्रकार होता. पेशी फोडून आंतील कॅल्शियम मोजणें सोपें होतें. पण फोडलेली पेशी ही मेलेली पेशी, आणि तिच्यांत कोणतीच घडामोड होत नसते.

जिवंत पेशींत डोकावण्याचें पहिलें साधन समुद्रानें दिलें. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ फ्रायडे हार्बर येथें १९६१ च्या उन्हाळ्यांत ओसामु शिमोमुरा व फ्रँक जॉन्सन हे दोघे जेलीफिश या काचेसारख्या पारदर्शक प्राण्याच्या कडेला दिसणारी चमक कशाची, हें शोधीत होते. त्यांनीं सुमारें दहा हजार जेलीफिश गोळा केले. चमकणारें द्रव्य कांहीं केल्या जसेंच्या तसें हातीं लागेना. एकदां उरलेला अर्क शिमोमुरांनीं प्रयोगशाळेच्या मोरींत ओतला, तों ती मोरी आंतून निळ्या प्रकाशानें उजळून निघाली. मत्स्यालयाचें समुद्राचें पाणी त्याच मोरींत वाहून येत होतें आणि त्या पाण्यांतील कॅल्शियमनें हा चमत्कार केला होता. या प्रथिनास एक्वोरिन हें नांव मिळालें. त्याच्याबरोबर हिरवें चमकणारें आणखी एक प्रथिन अल्प प्रमाणांत सांपडलें. त्याची नोंद झाली, पण त्याच्यापासून एवढें कांहीं निष्पन्न होईल असें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

निसर्गानें घडविलेला कॅल्शियमचा हेर असा आयता मिळाला. १९६७ मध्यें एक्वोरिन बार्नेकल या खडकांस चिकटून राहणाऱ्या समुद्री प्राण्याच्या स्नायूंत सुईनें टोंचून घालण्यांत आलें, आणि स्नायु आंखडतांना कॅल्शियम वाढतें हें प्रकाशरूपानें प्रत्यक्ष दिसलें. पण बार्नेकलचा स्नायुतंतु चांगला दोऱ्याएवढा जाड असतो. माणसाच्या शरीरांतील सामान्य पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी! तिच्यांत सुई खुपसून ती धडधाकट राहावी अशी अपेक्षा कोण करील?

रॉजर त्सिएन यांचा जन्म १ फेब्रुवारी १९५२ रोजीं न्यूयॉर्क येथें झाला आणि बालपण शेजारच्या न्यू जर्सी राज्यांतील लिव्हिंग्स्टन या गांवीं गेलें. वडील चीनमधून आलेले यंत्रशास्त्रज्ञ; मामामंडळींतहि इंजिनियरच. मुलाला दम्याचा विकार असल्यामुळें मैदानी खेळांपेक्षां घरांत बसणें अधिक होई, आणि तळघरांत मांडलेल्या रसायनाच्या प्रयोगांत तो तासन्तास रमे. सोळाव्या वर्षीं, १९६८ सालीं, त्यास वेस्टिंगहाउसच्या अखिल अमेरिकन विज्ञानस्पर्धेंत पहिलें पारितोषिक मिळालें. त्या निबंधाचा विषय पुढील आयुष्याच्या दृष्टीनें मोठा सूचक होता. थायोसायनेट म्हणून एक लहानसा अणुसमूह आहे. त्याच्या एका टोकास गंधक व दुसऱ्यास नायट्रोजन असतो आणि दोहोंपैकीं कोणत्याहि हातानें तो धातूस धरूं शकतो. तो कोणत्या धातूस कसा धरतो, हा त्या मुलाचा प्रश्न होता.

हार्वर्ड विद्यापीठांत मात्र रसायनाच्या ठराविक अभ्यासक्रमांत त्यांचें मन रमलें नाहीं. मेंदूचें काम कसें चालतें या विषयानें त्यांस ओढून घेतलें. १९७२ मध्यें मार्शल शिष्यवृत्ति घेऊन ते इंग्लंडांत केंब्रिज येथें शरीरक्रियाविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड एड्रियन यांच्या हाताखालीं दाखल झाले. त्या काळीं मज्जापेशीचा अभ्यास म्हणजे एका पेशींत बारीक विद्युदग्र खुपसून तिचे ठोके ऐकणें. वाद्यवृंदांतील एकाच वादकाच्या वाद्यास कान लावून बसावें आणि सगळ्या रागाचा अंदाज बांधावा, असाच तो उद्योग होता. एकाच वेळीं पुष्कळ पेशींचें काम डोळ्यांनीं पाहतां यावें अशी त्सिएन यांची इच्छा होती. त्यासाठीं पेशींत शिरून प्रकाशानें बोलणारा रेणु पाहिजे होता. आणि तो बाजारांत मिळत नसल्यामुळें स्वतः घडविणें प्राप्त होतें. ज्या रसायनशास्त्राकडे त्यांनीं पाठ फिरविली होती, त्याच्याच दारीं त्यांस परत यावें लागलें.

धातूस धरून ठेवणारे रेणु तोपर्यंत अज्ञात होते असें नव्हे. १९६७ सालीं डुपाँ कंपनींतील चार्ल्स पेडरसन यांनीं क्राउन ईथर म्हणजे मुकुटासारख्या कड्यांच्या रेणूंवरचा आपला प्रसिद्ध लेख छापला होता. पेडरसन यांचें सर्व आयुष्य त्या एका कंपनींत गेलें होतें, डॉक्टरेट त्यांच्याजवळ नव्हती, वय साठीपलीकडे गेलेलें होतें, आणि हा शोध त्यांस लागला तो दुसराच पदार्थ बनवितांना उरलेल्या शेंकडा ०.४ इतक्या क्षुल्लक पांढऱ्या स्फटिकांतून. या कड्यांच्या आंतल्या बाजूस ऑक्सिजनचे अणु ओळीनें बसलेले असतात. कड्याचा घेर जेवढा, तेवढ्या मापाचाच धातुकण त्यांत चपखल बसतो. अठरा अणूंचें कडें पोटॅशियमला मानवतें, पंधरांचें सोडियमला. रेणूंनीं परस्परांस मापानें आणि आकारानें ओळखावें, पक्का रासायनिक बंध न जोडतां धरावें आणि सोडावें, या व्यवहाराच्या अभ्यासाला फ्रान्सचे झाँ-मारी लेन यांनीं पुढें ‘रेण्वतीत रसायन’ या अर्थाचें नांव दिलें, आणि १९८७ चें नोबेल पारितोषिक पेडरसन, लेन व डोनाल्ड क्रॅम या तिघांस मिळालें.

कॅल्शियमसाठीं जुना आणि नांवाजलेला पिंजरा होता तो ईजीटीए या संक्षिप्त नांवाचा. लांब, लवचिक सांखळीसारखा हा रेणु कॅल्शियमचा कण दिसतांच त्याच्याभोंवतीं गुंडाळला जातो आणि दोन नायट्रोजन व सहा ऑक्सिजन अशा आठ हातांनीं त्यास धरतो. मॅग्नेशियमचा कण आकारानें लहान. त्यास आठ हातांच्या मिठींत धरावयाचें तर हातच एकमेकांवर आपटतात. म्हणून ईजीटीए कॅल्शियमला मॅग्नेशियमच्या सुमारें लाखपट अधिक पसंत करतें. निवड उत्तम, पण दोन उणीवा मोठ्या होत्या. पहिली ही कीं, पेशींत जितपत आम्लता असते तितपत आम्लतेंत या रेणूचे दोन्ही नायट्रोजन हायड्रोजनचे कण धरून बसलेले असतात. कॅल्शियम आलें कीं आधीं त्यांना उठवावें लागतें, मग पाहुण्यास जागा. त्यामुळें काम मंद चालतें, आणि आम्लता यत्किंचित् बदलली तरी हिशेब चुकतो. दुसरी उणीव अशी कीं, हा रेणु मुका आहे. कॅल्शियम धरलें काय आणि न धरलें काय, त्याच्या रंगांत फरक दिसत नाहीं.

येथें त्सिएन यांनीं जी युक्ति काढली ती कागदावर पाहिली तर अगदीं लहान वाटते. ईजीटीएच्या सांखळींत नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्यामध्यें कार्बनच्या दोन साध्या कड्या असतात. त्या काढून त्यांनीं तेथें बेन्झीनचें षट्कोनी वलय बसविलें, इतकेंच. परंतु त्या एका फेरफारानें दोन्ही उणीवा एकदम गेल्या. नायट्रोजनजवळ इलेक्ट्रॉनांची जी मोकळी जोडी असते ती आतां शेजारच्या वलयांत वांटली गेली. त्यामुळें हायड्रोजनला धरून बसण्याची त्याची हौस कमी झाली आणि पेशीच्या नेहमींच्या आम्लतेंत पिंजरा रिकामा, पाहुण्याच्या स्वागतास सज्ज राहूं लागला. आणि कॅल्शियम येऊन बसतांच तीच इलेक्ट्रॉनांची जोडी वलयास सोडून कॅल्शियमकडे वळते. वलयाशीं असलेलें तिचें नातें तुटतें आणि रेणु कोणता प्रकाश शोषतो हें बदलतें. म्हणजे पकडणें आणि पकडल्याची वर्दी देणें हीं दोन कामें वेगळीं राहिलींच नाहींत. एकाच हालचालीचीं तीं दोन नांवें झालीं. हा रेणु बॅप्टा या नांवानें ओळखला जातो आणि त्यावरील लेख १९८० सालीं एकट्या त्सिएन यांच्या नांवानें प्रसिद्ध झाला. पुढें त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें तें दुसऱ्या कामासाठीं. पण रेणुरचनेची कला म्हणून पाहिलें तर हा एक लेख त्या सर्वांच्या वर ठेवावा लागेल.

पिंजरा तयार झाला, तरी पेशीच्या आंत तो जावा कसा? धातूस धरणारे त्याचे चार गट ऋण विद्युद्भार बाळगतात, आणि पेशीचें आवरण तेलकट असल्यामुळें भारित रेणूस तें थारा देत नाहीं. सुई टोंचावयाची नाहीं हा तर मूळचा पण. १९८१ मध्यें त्सिएन यांनीं औषधशास्त्रांतील एक युक्ति उसनी घेतली. पोटांतून नीट शोषलें जात नसलेल्या पेनिसिलिनच्या रेणूस तात्पुरती टोपी घालून तें रक्तांत पोंचविण्याची रीत प्रचारांत होतीच. त्यांनीं आपल्या रेणूच्या चारहि भारित गटांवर तशाच टोप्या घातल्या. टोप्या घातलेला रेणु भाररहित असल्यामुळें आवरणांतून निमूटपणें आंत जातो. आंत पेशीचींच एन्झाइमें त्या टोप्या कातरून टाकतात. आणि उघडा पडलेला भारित रेणु बाहेर निघूं शकत नाहीं. उंदराच्या सांपळ्यासारखा हा प्रकार असल्यामुळें बाहेर द्रव्य थोडें असलें तरी आंत त्याचा सांठा वाढत जातो. या रीतींत एक व्यंग आहे, तें लपवून ठेवण्याचें कारण नाहीं : प्रत्येक टोपी कातरली जातांना थोडेंसें फॉर्मॅल्डिहाइड सुटतें, आणि तें पेशीस हितकर नव्हे. योग्य प्रमाण सांभाळणें हें वापरणाऱ्याच्या हातीं राहतें.

बॅप्टाच्या पिंजऱ्यास क्विनोलिन या चमकणाऱ्या द्रव्याची जोड देऊन क्विन-२ हा रेणु झाला. तो जंबुपार किरण गिळतो आणि त्याबदल दृश्य प्रकाश बाहेर टाकतो. या गुणास प्रतिदीप्ति म्हणतात. कॅल्शियम धरल्यावर ही प्रतिदीप्ति कितीतरी वाढते. १९८२ मध्यें त्सिएन, टुलिओ पोझान व टिमथी रिंक यांनीं लिंफोसाइट या रक्तांतील चिमुकल्या पेशींत क्विन-२ घालून, एकाहि पेशीस सुई न लावतां, आंतील मोकळें कॅल्शियम मोजलें आणि पेशीस चेतविणाऱ्या द्रव्यांचा स्पर्श होतांच तें चढतें हेंहि दाखविलें. बेडकाच्या हृदयापासून निघालेली वाट येथें माणसाच्या पेशीएवढ्या लहान पेशीच्या आंत पोंचली.

तरी क्विन-२ मंद होता. तो दिसावा म्हणून पुष्कळ घालावा लागे, आणि पुष्कळ घातला कीं तो स्वतःच कॅल्शियम शोषून घेई. घड्यांत पाणी किती हें पाहावयास जाड स्पंज बुडवावा, तशी गत! शिवाय नुसत्या उजेडावरून प्रमाण ठरविण्यांत दुसराहि धोका होता. एका पेशींत द्रव्य अधिक शिरतें, दुसरींत कमी. एक पेशी जाड, एक चपटी. मग अमुक पेशी अधिक उजळ दिसली ती कॅल्शियम जास्त म्हणून, कीं द्रव्य जास्त म्हणून? त्सिएन तोपर्यंत कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें प्राध्यापक झाले होते. तेथें ग्रिंकिएविच व पोनी या सहकाऱ्यांसह १९८५ सालीं त्यांनीं फुरा-२ हा नवा रेणु पुढें आणला. तो क्विन-२ हून सुमारें तीसपटींपर्यंत अधिक उजळ होता. पण त्याची खरी किंमत निराळ्याच गुणांत होती. कॅल्शियम धरलेला फुरा-२ हा ३४० नॅनोमीटर लांबीच्या लहरींनीं चांगला उजळतो. रिकामा फुरा-२ हा ३८० च्या लहरींनीं. दोन्ही लहरी आळीपाळीनें टाकून मिळणाऱ्या उजेडांचें गुणोत्तर काढलें कीं पेशींत द्रव्य किती, पेशी जाड कीं पातळ, दिवा प्रखर कीं मंद, हे सगळे प्रश्न हिशेबांतून गळून पडतात. सोनें किती कसाचें हें पाहतांना दागिना किती तोळ्यांचा हें विचारावें लागत नाहीं, तसेंच हें आहे. कांहीं वर्षांत शरीरविज्ञानाच्या प्रयोगशाळांतून फुरा-२ सर्रास वापरांत आला, आणि आजहि तो वापरला जातो.

येथवरचें काम म्हणजे माणसानें भट्टींत घडविलेल्या रेणूंचें. १९८९ मध्यें त्सिएन सॅन डिएगो येथील विद्यापीठांत गेले, आणि या मार्गाची मर्यादा त्यांस जाणवूं लागली. कॅल्शियमसारख्या साध्या धातुकणासाठीं पिंजरा बांधतां येतो. परंतु पेशींतील इतर निरोप्ये धातु नसून गुंतागुंतीचे रेणु असतात. अशा एका निरोप्यासाठीं, चक्रीय एएमपीसाठीं, त्यांच्या गटानें १९९१ मध्यें पेशींतल्याच प्रथिनास रंग चिकटवून संवेदक बनविला. तो उत्तम चाले. पण एवढें मोठें प्रथिन टोप्या घालून आंत जाईना. पुन्हां सुई आली! पेशीनेंच आपला हेर आपल्या घरीं घडवावा, तरच यांतून सुटका होती.

तेव्हां तीस वर्षें बाजूस पडलेल्या जेलीफिशच्या त्या हिरव्या प्रथिनाकडे लक्ष गेलें. त्याचा जनुक डग्लस प्रॅशर यांनीं वेगळा काढून १९९२ मध्यें त्याची रचना प्रसिद्ध केली होती. काम पुढें नेण्यास पैसा मिळेना म्हणून प्रॅशर तें सोडण्याच्या बेतांत होते; त्यांनीं आपला जनुक मागणाऱ्यांस मोकळ्या हातानें देऊन टाकला. त्यांतील एक मार्टिन शॅल्फी, ज्यांनीं १९९४ मध्यें तो जनुक जंतूंत व एका सूक्ष्म कृमींत घालून ते हिरवे चमकतात हें दाखविलें, दुसरे त्सिएन. हें प्रथिन घडल्यावर चमकण्यासाठीं जेलीफिशच्या दुसऱ्या कोणत्याहि द्रव्याची त्यास गरज नसते, ऑक्सिजन पुरतो, हें त्सिएन यांच्या गटानें सिद्ध केलें. मग त्यांनीं त्या प्रथिनाच्या सांखळींतील एकेक दुवा बदलण्यास आरंभ केला. एका बदलानें हिरवा रंग प्रखर व टिकाऊ झाला, दुसऱ्यानें निळा झाला, आणखी एकानें पिवळसर. पुढें प्रवाळांतील तांबड्या प्रथिनावरहि हेच संस्कार होऊन २००४ मध्यें रंगांची एक सबंध फळांची टोपली तयार झाली. त्यांचीं नांवेंहि चेरी, स्ट्रॉबेरी, केळें, संत्रें अशींच ठेवलेलीं आहेत. शास्त्रज्ञांना विनोद वर्ज्य असतो असें कोण म्हणतो?

कॅल्शियमकडे ते १९९७ सालीं परत आले. पेशींत कॅल्मोड्युलिन नांवाचें एक प्रथिन असतें; कॅल्शियम मिळालें कीं तें आपलें अंग आवळून आपल्या जोडीदार प्रथिनास मिठी मारतें. अत्सुशी मियावाकी व त्सिएन यांनीं कॅल्मोड्युलिन आणि तो जोडीदार यांना एकत्र जोडून त्या जोडीच्या दोन टोकांस हिरव्या प्रथिनाच्या दोन वेगळ्या रंगांच्या आवृत्त्या बसविल्या. कॅल्शियम येऊन मिठी बसली कीं दोन्ही टोकें जवळ येतात, आणि पहिलें टोंक गिळलेली शक्ति स्वतः उधळण्याऐवजीं दुसऱ्याच्या हवालीं करतें. प्रकाशाचा रंग बदलतो. रंग बदलणाऱ्या सरड्याच्या नांवावरून याला कॅमेलिऑन म्हटलें गेलें. गंमत अशी कीं, जेलीफिशच्या शरीरांत एक्वोरिन हें आपली निळी शक्ति हिरव्या प्रथिनास देतें तेव्हां हाच व्यवहार होत असतो. शिमोमुरांच्या मोरींत एकत्र आलेलीं दोन प्रथिनें जो धंदा आपसांत करीत होतीं, तोच आतां मागणीप्रमाणें करवून घेतां येऊं लागला. आणि हा हेर आंत घालावा लागत नाहीं. त्याचा जनुक दिला कीं पेशी तो स्वतःच विणते.

२००८ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक हिरव्या प्रथिनाबद्दल शिमोमुरा, शॅल्फी आणि त्सिएन यांस विभागून मिळालें. पारितोषिक तिघांहून अधिकांस देतां येत नाहीं. त्या वेळीं प्रॅशर हे अलाबामा राज्यांतील हंट्सव्हिल गांवीं एका मोटारविक्रीच्या दुकानाची गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी हांकीत होते. शॅल्फी व त्सिएन यांनीं स्वतःच्या खर्चानें प्रॅशर पतिपत्नींस समारंभासाठीं स्टॉकहोम येथें नेलें, आणि कांहीं वर्षांनीं त्सिएन यांच्या प्रयोगशाळेंत प्रॅशर पुन्हां संशोधन करूं लागले. हिशेब यानें पुरा झाला असें म्हणवत नाहीं; पण जेथें कोणताच नियम बांधून ठेवीत नव्हता तेथें एवढें तरी झालें.

पारितोषिकानंतर त्सिएन रुग्णालयाकडे वळले. शस्त्रक्रियेच्या वेळीं गांठ कोठें संपते आणि निरोगी मांस कोठें सुरू होतें हें नुसत्या डोळ्यांना नेहमीं ओळखूं येत नाहीं. मज्जातंतु तर इतके बारीक आणि फिकट असतात कीं ते चुकून कापले जाण्याचें भय शस्त्रवैद्यास सदैव असतें, आणि चेहऱ्याचा एखादा तंतु तुटला तर रोग्याचें हसणें कायमचें जातें. त्यांच्या गटानें गांठीपाशीं जाऊन चमकणारे, तसेच मज्जातंतूंस चिकटून त्यांना उजळविणारे छोटे प्रथिनखंड तयार केले. मज्जातंतु उजळविण्याचा प्रयोग उंदरांवर यशस्वी झाल्याचें २०११ मध्यें प्रसिद्ध झालें आणि पुढें त्याच धर्तीच्या द्रव्यांच्या चाचण्या माणसांवरहि सुरू झाल्या. त्या पाहण्यास त्सिएन फार काळ राहिले नाहींत. २४ ऑगस्ट २०१६ रोजीं ओरेगन राज्यांतील यूजीन येथें, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, त्यांचा मृत्यु झाला.

केंब्रिजला जातांना जी इच्छा त्यांनीं मनांत धरली होती, पुष्कळ मज्जापेशी एकाच वेळीं डोळ्यांनीं पाहण्याची, ती मात्र त्यांच्या हयातींतच पुरी झाली होती. जपानांत जुनिची नाकाई यांनीं २००१ सालीं हिरवें प्रथिन व कॅल्मोड्युलिन यांचा आणखी एक सुटसुटीत जोड बनविला होता, आणि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या मेंदूच्या अभ्यासांत सर्वत्र पसरल्या. २०१३ मध्यें अमेरिकेंतील जनेलिया फार्म येथें मिशा आरेन्स व फिलिप केलर यांनीं झेब्रा मासा म्हणून जो एक लहान मासा आहे, त्याच्या पारदर्शक पिल्लाच्या मेंदूंत असा संवेदक घालून त्यावर प्रकाशाचा पातळ पडदा फिरविला. त्या मेंदूंत सुमारें एक लक्ष मज्जापेशी असतात. त्यांपैकीं शेंकडा ऐंशींहून अधिक पेशी स्वतंत्रपणें ओळखतां आल्या, आणि दर १.३ सेकंदास सबंध मेंदूचें एक चित्र मिळूं लागलें. पिल्लू जिवंत होतें. त्याच्या डोक्यांत कोठेंहि सुई टोंचलेली नव्हती. आणि ज्या ज्या पेशींत कॅल्शियम शिरे ती ती पेशी क्षणभर उजळून विझत होती.